पाच वाजल्यानंतर पाणी नाही

शाळेच्या एक्स्चेंजमध्ये जर्मनीतल्या एका घरी राहायला गेलेली आमची मुलगी संध्याकाळचं जेवत नव्हती. प्रकरण इथून सुरू झालं. मग मी, माझी सहकारी, जर्मनीतल्या शिक्षिका, यजमान आई आणि पुण्यात बसलेले तिचे आई-बाबा, अशी आम्ही सगळी मोठी माणसं पाच दिवस तिच्या ताटाकडे बघत राहिलो. जिन्याकडे बघायला सहावा दिवस उजाडला.

हे लिहिण्यासाठी मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे. गावाचं आणि दोन्ही शाळांचं नाव देत नाही. गटात ती वयानं सगळ्यांत लहान, चौदा पूर्ण व्हायला दोन महिने कमी. म्हणून सगळे तिला 'छोटी' म्हणायचे. इथेही तेच ठेवते.

तयारी, म्हणजे कागद

पुण्यात जर्मन शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. शहरात मॅक्स म्युलर भवन आहे, चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीजचे कारखाने आहेत. त्यामुळे 'जर्मन शिकून काय करणार' असं इथले पालक फारसं विचारत नाहीत. 'एक्स्चेंज कितवीत असतो' हे मात्र प्रवेशाच्या वेळीच विचारून घेतात. आमच्या शाळेचा श्टुटगार्टजवळच्या एका शाळेशी असा एक्स्चेंज आहे. मे महिन्यात आमची बारा मुलं आणि दोन शिक्षिका सोळा दिवस तिकडे, ऑक्टोबरात त्यांची मुलं इकडे. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत, हे मी दर वर्षी पालकसभेत सांगते आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं, "मग पुण्याचं काय?"

जर्मन लोक याला 'आउसटाउश' म्हणतात आणि त्यांच्याकडे ती शाळेची नेहमीची गोष्ट आहे. त्याला कारण आहे. एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीनं १९६३ मध्ये एलिझे करार केला आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी एक स्वतंत्र कार्यालय काढलं. तेव्हापासून लाखो मुलं सीमेपलीकडच्या घरांत राहून आली. आमच्या एक्स्चेंजमध्येही तोच नियम आहे: हॉटेल नाही, वसतिगृह नाही, मुलानं घरात राहायचं. यजमान कुटुंब पैसे घेत नाही. त्यांचं मूल ऑक्टोबरात आपल्याकडे येतं, एवढाच व्यवहार.

घरात राहायचं असल्यामुळे कागद फार. शेंगेन व्हिसासाठी मुलाचा जन्मदाखला, आई आणि वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, यजमानांचं निमंत्रण. शिवाय आमचा स्वतःचा चार पानी फॉर्म: आहार, अ‍ॅलर्जी, औषधं, छंद, पोहता येतं का, पाळीव प्राण्यांची अडचण आहे का. छोटीच्या फॉर्मवर प्राण्यांसमोर 'नाही' लिहिलेलं होतं. अक्षर वडिलांचं होतं. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मी पुढचं पान उलटलं होतं.

चार शनिवार आम्ही मुलांचे तयारीवर्ग घेतले. काटे-चमचे, वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचणं, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, बाटली परत केली की २५ सेंट मिळतात ते मशीन, रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच काय ते घेणं. टॉयलेटमध्ये पाण्याऐवजी कागद असतो, हेही सांगितलं. मुलं खूप हसली. ज्यांच्या नावानं आपल्याकडे जर्मन शिकवणारी संस्था उभी आहे, त्या मॅक्स म्युलर या संस्कृतच्या जर्मन अभ्यासकांनी भारत कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आमचे तयारीवर्ग थोडे त्याच जातीचे होते. मी जर्मनीत सहा वेळा गेले आहे, पण कुठल्याही जर्मन घरात चौदा वर्षांची होऊन राहिलेले नाही.

दोन घरं

छोटीचं घर पेठेतला दोन बेडरूमचा फ्लॅट. एका खोलीत आई-बाबा, दुसरीत बारावीचा दादा आणि त्याची पुस्तकं. छोटी आणि आजी हॉलमध्ये. दिवाण आजीचा, शेजारी छोटीची गादी, जी सकाळी गुंडाळून दिवाणाखाली जाते. रात्री अकरापर्यंत बाबा त्याच हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसतात, आजी आवाज बारीक करून मालिका बघते, दादा दर अर्ध्या तासानं फ्रिज उघडतो. वर पंखा, बाराही महिने. या सगळ्या आवाजात ती दहा वाजता गाढ झोपते. एकटी अशी ती आयुष्यात कधी झोपलेली नव्हती. हे मला नंतर कळलं. आधी विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

तिकडचं घर श्टुटगार्टपासून एस-बाननं, म्हणजे तिथल्या लोकलनं, अर्ध्या तासावर. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठक, पहिल्या मजल्यावर झोपायच्या खोल्या आणि बाथरूम, वर उतरत्या छपराखाली एक खोली. ती यजमान आईची कामाची खोली. त्या घरून भाषांतराचं काम करतात. पाहुणीला स्वतःची खोली हवी म्हणून त्यांनी आपलं टेबल रिकामं करून दिलं होतं आणि सोळा दिवस स्वयंपाकघराच्या टेबलावर काम करायचं ठरवलं होतं. पलंगावर नवी चादर, उशीवर चॉकलेट. मे महिन्यात तिथे पावणेनऊपर्यंत उजेड असतो, तर पोरीला झोप लागावी म्हणून रोज रात्री त्या खिडकीचं रोलाडेन खाली ओढायच्या. रोलाडेन म्हणजे खिडकीबाहेरची पट्ट्यापट्ट्यांची झडप. पूर्ण खाली आली की खोलीत स्वतःचा हात दिसत नाही.

घरात एक म्हातारा कुत्रा होता, वासराएवढा. तो पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथल्या सतरंजीवर झोपायचा.

आणि एक गोष्ट. पहिल्या तासाभरात यजमान आईंनी छोटीला सांगितलं, "मला 'झी' म्हणू नकोस, नावानं हाक मार." जर्मनमध्ये अनोळखी मोठ्या माणसाला 'झी' म्हणजे आपलं 'अहो-जाहो', आणि ते सोडायला सांगणं ही मोठी आपुलकी. छोटीनं मान डोलावली. आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायची, हे तिच्या जिभेला जमणारं नव्हतं. 'झी' तर त्यांनीच काढून घेतलेलं. मग तिनं हाकच मारायचं सोडलं. समोर जाऊन उभी राहायची आणि त्या वळून बघेपर्यंत थांबायची.

ताट

शुक्रवारी पोचलो. रविवारी रात्री यजमान आईंचा मला मेल आला. मजकूर असा: मुलगी गोड आहे, दुपारी चांगली जेवते, पण संध्याकाळी काही घेत नाही, पाणीसुद्धा नाही. हा धर्माचा नियम आहे का?

हा प्रश्न आला कुठून, तर माझ्याच पत्रातून. गटात एक जैन मुलगा होता, सूर्यास्तानंतर न जेवणारा. सगळ्या यजमानांना पाठवलेल्या पत्रात मी लिहिलं होतं की आमची काही मुलं सूर्यास्तानंतर खात-पीत नाहीत. यजमान आईंनी ते मनापासून वाचलं होतं. अडचण एवढीच की छोटी साडेसहाला नको म्हणत होती आणि तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी हिशेब केला: जर्मनीत साडेसहा म्हणजे भारतात रात्रीचे दहा. मेलच्या शेवटी विचारलं होतं, "ती भारतातला सूर्यास्त पाळते का?"

मी हसले, सहकाऱ्याला वाचून दाखवलं, तीही हसली. उत्तर लिहिलं की असा काही नियम नाही, तिला जेवण नवं असेल, हळूहळू होईल.

जेवण नवं होतं हे खरंच. त्या भागात संध्याकाळचं जेवण थंड असतं. त्याला 'फेस्पर' म्हणतात: पाव, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो, आणि खाणाऱ्यांसाठी सॉसेज. गरम काही नाही. आपल्या माणसाला ते जेवण वाटतच नाही, मधल्या वेळचं खाणं वाटतं, आणि मग तो मुख्य जेवणाची वाट बघत उपाशी झोपतो. एकदा त्यांनी माउलटाशन केले होते, सारण भरलेले मोठे चौकोनी मोदकच म्हणा. उपासाच्या दिवसांत मांस खाता येत नाही म्हणून माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी ते पिठाच्या पारीत लपवलं अशी दंतकथा आहे, आणि गावठी बोलीत त्यांना 'देवाला फसवणारे' असं नाव आहे. यजमान वडिलांनी ही गोष्ट हौसेनं सांगितली. छोटीसाठी वेगळे, पालक भरलेले केले होते. पण गोष्ट ऐकल्यावर तिनं तेही बाजूला सारले. आत काय लपवलंय कोण जाणे! यात तिचं मला काहीच चुकीचं वाटत नाही. पण या गमतीनं आमचा समज पक्का झाला की प्रश्न ताटाचाच आहे.

सोमवारी रात्री छोटी व्हिडिओ कॉलवर रडली. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती. आईनं विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "नाही." पुढचं काही बोलणं झालं नाही. सकाळी मी डोळे उघडले तेव्हा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्तेचाळीस मेसेज होते. कोणाकडे थेपले शिल्लक आहेत, कोणाच्या मुलानं रेडीमेड उपम्याची पाकिटं नेलीत, कोणाची मावसबहीण म्युनिकला असते. छोटीच्या वडिलांनी मला फोन करून स्पष्ट विचारलं, "मॅडम, घर बदलून मिळेल का? पोरीला उपाशी ठेवतायत ते."

मी तिथल्या शिक्षिकांशी बोलले. त्या म्हणाल्या, बदलता येईल, पण कारण सांगावं लागेल. या घरानं काय चूक केली? माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाकाहारी म्हणून त्या बाईंनी श्पार्गेल आणले होते. पांढरं शतावर, तिथल्या लोकांचा वसंतातला जीव की प्राण. २४ जूननंतर मिळत नाही म्हणून आपल्याकडच्या आंब्यासारखा त्याचा गाजावाजा. किलोभर श्पार्गेल सोलून उकडणाऱ्या बाईला 'तुम्ही मुलीला उपाशी ठेवता' असं सांगायला मी धजले नाही.

त्याऐवजी मी एका सिद्धांताचा आधार घेतला. एक्स्चेंजच्या प्रशिक्षणांत एक आलेख हमखास दाखवतात: परदेशात गेलेला माणूस आधी उत्साहात असतो, मग खाली घसरतो, मग पुन्हा वर येतो. 'यू' अक्षरासारखा. मी सहकाऱ्याला म्हटलं, पाचवा दिवस आहे, ती 'यू'च्या तळाशी आहे, दोन दिवसांत वर येईल. हा आलेख ज्याच्यावरून आला तो लिसगार्ड या नॉर्वेजियन अभ्यासकाचा १९५५ चा लेख मी घरी आल्यावर पुन्हा काढून वाचला. त्यानं अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांशी बोलून ते मांडलं होतं, आणि त्यातला घसरणीचा काळ होता सहा ते अठरा महिने मुक्काम झालेल्यांचा. सोळा दिवसांच्या सहलीतल्या पाचव्या दिवसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मला शांत झोपायचं होतं, आलेखानं ती सोय केली.

मंगळवारी थेपले पोचवले. छोटीनं ते दुपारी शाळेत खाल्ले, संध्याकाळी नाही. इथे खरं तर माझी ट्यूब पेटायला हवी होती.

नळ

बुधवारी आम्ही श्टुटगार्टला वाइसनहोफ बघायला जाणार होतो, म्हणून मी शाळेत लवकर, साडेसातच्या आधी पोचले. मार्गिकेत हात धुवायचं बेसिन होतं. छोटी तिथे उभी होती, पाठमोरी. अर्ध्या लिटरची बाटली तोंडाला लावलेली, गळ्याची हालचाल मागूनही कळत होती. बाटली संपली. तिनं नळ सोडला, भरली, पुन्हा तोंडाला लावली. दुसरी निम्मी होईपर्यंत थांबली नाही. मग बेसिनच्या कडेला हात टेकून श्वास घेतला. उन्हातान्हातून क्रिकेट खेळून आलेली पोरं पितात तसं. बाहेर तेव्हा बारा अंश तापमान होतं आणि मुलगी नुकतीच झोपून उठली होती.

"घरी पाणी मिळत नाही का गं?"

"मिळतं."

"गॅसवालं असतं का? साधं माग ना त्यांच्याकडे."

"साधंही असतं."

"मग?"

"मी पाच वाजल्यानंतर पाणी पीत नाही."

का, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटलं यूट्यूबवर बघून काही तरी डाएटचं खूळ. या वयात असतं. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती, त्याचं कारण तरी मिळालं.

वाइसनहोफ म्हणजे १९२७ साली प्रदर्शनासाठी बांधलेली नमुना घरांची वसाहत. त्यात ल कॉर्ब्युझिएची दोन बांधकामं आहेत. चंदीगड आखणारा तोच हा. ही घरं आणि चंदीगडची विधानभवन-सचिवालयाची वास्तू २०१६ मध्ये एकाच यादीतून जागतिक वारसा ठरली, असं मी मुलांना सांगत होते आणि मुलं फोटो काढत होती. त्यातल्या एका घराची गंमत अशी की ते दिवसा एक सलग मोठी खोली असतं. रात्री सरकत्या भिंती ओढायच्या, कपाटाखालून पलंग बाहेर काढायचे, की झोपायच्या खोल्या तयार. बाजूनं जाणारी वाट इतकी अरुंद की रेल्वेच्या डब्याची आठवण व्हावी.

छोटी त्या पलंगापाशी थांबली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काही हललं.

"मॅडम, हे आमच्या हॉलसारखं आहे. आजीच्या दिवाणाखाली माझी गादी जाते."

"हो का?"

"इथे सगळे एकत्रच झोपायचे?"

"मध्ये भिंत सरकवायचे, पण तशी जवळजवळच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पलंगाकडेच बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही ज्यांच्याकडे राहता, तिथे रात्री उठलात तर लाइट कुठून लावता?"

तेव्हा कुठे मला कळलं. पुढचं सगळं मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. जिन्याच्या दिव्याचं बटण खाली, पहिल्या मजल्यावर होतं. वर असेलही, तिला सापडलं नव्हतं. पहिल्या रात्री एकच्या सुमाराला तिला उठावं लागलं. काळोखात भिंत चाचपत ती जिना उतरली. लाकडी पायरी करकरली. खाली कुत्रा उठून उभा राहिला आणि अंग झटकलं, तशी गळ्यातली साखळी वाजली. तो भुंकला नाही, काही केलं नाही. ती होती तिथेच थिजली. कोणाला तरी हाक मारावी असं वाटलं. पण काय म्हणून मारायची? नाव घेता येत नव्हतं, 'झी' म्हणता येत नव्हतं, आणि 'आई गं' म्हटलं तर इथे कोण उठणार? ती उलट्या पावली वर गेली आणि रोलाडेनच्या फटीतून उजेड दिसेपर्यंत पलंगावर मांडी घालून बसून राहिली. पंख्याचा आवाज नसल्यामुळे, तिच्या शब्दांत, "शांतता ऐकू येत होती."

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता पाणी बंद. काकडी-टोमॅटोत पाणी असतं म्हणून तेही बंद. सूप तर नाहीच. कोरडा पाव घशाखाली उतरत नाही, म्हणून पावही बंद.

मला या पोरीचं नवल वाटलं. अडचण तिची, तोडगाही तिनं एकटीनं काढलेला, आणि तो चालत होता. त्यानंतरच्या चार रात्री ती एकदाही जिना उतरली नाही.

"यजमान आईंना सांगू का मी?"

"नको मॅडम, प्लीज. त्यांनी त्यांची खोली दिलीय. त्यांना वाईट वाटेल."

"कुत्र्याचं तरी?"

"तो चांगला आहे. दिवसा."

वाक्य

एस-बानमध्ये परत येताना आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य बसवलं: "इष श्लाफे त्सु हाउजे नी अलाइन." मी घरी कधीच एकटी झोपत नाही. शब्द सगळे पहिल्या वर्षाचे. पण आमच्या पुस्तकात झोपण्यावरचं वाक्य आहे ते 'मला शॉवर असलेली एका माणसाची खोली हवी आहे' हे, हॉटेलातल्या प्रसंगातलं. एकोणीस वर्षं मी मुलांकडून ते घोकून घेतलं आहे.

संध्याकाळी तिनं टेबलावर ते वाक्य म्हटलं. पुढचं मला दोन्ही बाजूंकडून कळलं. तिची एक्स्चेंजमधली जोडीदार, म्हणजे त्या घरातली पंधरा वर्षांची मुलगी, खुदकन हसली. वाईट हेतू नव्हता, पण छोटीचे कान तापले. यजमान आई काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी मला मोकळेपणानं सांगितलं की क्षणभर त्यांना लागलं होतं. आठवडाभर स्वयंपाकघरात शब्दकोश पसरून काम करायचं, आणि ते कशासाठी, तर पाहुणीला रात्रभर जागं ठेवायला! यजमान वडील उठले, तळघरात गेले आणि एक गादी घेऊन आले. ती त्यांनी आपल्या मुलीच्या खोलीत टाकली.

इथे प्रकरण संपतं तर बरं झालं असतं. मी पुण्याला तसा मेसेजही टाकला: प्रश्न सुटला. पण गादी टाकताना त्या मुलीला कोणी विचारलं नव्हतं. जर्मन घरात पंधरा वर्षांच्या मुलीची खोली ही तिची असते, आई-वडीलही दार वाजवून आत येतात. छोटीला दिवा हवा, तिला अंधार. छोटीला झोपेपर्यंत गप्पा, तिला कानात हेडफोन. शुक्रवारी ती वर्गात पेंगत होती आणि तिनं तिच्या शिक्षिकांना सरळ सांगितलं की मला हे जमत नाही. जर्मन माणसं असं सरळ सांगतात, आणि आपण ते ऐकून उगाच दुखावतो. मीही दुखावले. नंतर वाटलं, छोटीनं पहिल्या दिवशी एवढं सरळ सांगितलं असतं तर?

तोडगा शेवटी यजमान आईंनीच काढला आणि तो आम्हा कोणाच्याही डोक्यात आला नसता. त्यांनी छोटीला एक साधा प्रश्न विचारला: तू घरी झोपतेस तेव्हा बाकीचे काय करत असतात? छोटीनं तुटक जर्मनमध्ये सांगितलं. बाबा लॅपटॉप. आजी टीव्ही. दादा फ्रिज. यजमान आईंनी ऐकून घेतलं आणि शनिवारी स्वतःचा संगणक, शब्दकोश, दिवा सगळं उचलून पुन्हा वरच्या खोलीत नेलं. आपल्या टेबलावर. छोटी परत वर झोपायला गेली आणि त्या तिच्या शेजारी अकरा-साडेअकरापर्यंत भाषांतर करत बसल्या. पंख्याच्या जागी कीबोर्डचा आवाज. रोलाडेन अर्धं वर. जाताना टेबलावरचा छोटा दिवा तसाच ठेवायच्या. जिन्याचं वरचं बटण कपाटाच्या बाजूला होतं, तिथे त्यांनी पिवळी चिठ्ठी चिकटवली. कुत्र्याची सतरंजी तळमजल्यावर गेली. दोन रात्री त्यानं तक्रार केली म्हणे.

हाक मारायचं कसं, हेही त्या आठवड्यात मिटलं. मी यजमान आईंना 'काकू' हा शब्द सांगितला: नाव घ्यायचं नसतं, पण परकंही करायचं नसतं तेव्हाचा. नावाचा अपमान न होता ती अडचण सुटते हे त्यांना, भाषांतरकार म्हणून, फारच आवडलं. जर्मनमध्ये याला शब्द का नाही यावर त्या माझ्याशी अर्धा तास बोलल्या. दुसऱ्या रविवारी छोटीनं फेस्परला पाव, चीज, दोन काकड्या आणि सफरचंदाच्या रसाचे दोन ग्लास घेतले. रात्री दीडला वरून हाक आली, "काकू!" आणि घरातले तिघंही उठले.

आम्ही काय बदललं

फॉर्म बदलला. प्राण्यांचा प्रश्न आता मुलानं स्वतःच्या अक्षरात भरायचा. सूर्यास्ताचा परिच्छेद सगळ्यांना न पाठवता ज्याचा त्याच्या यजमानांना पाठवतो. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक घरात एक फेरी मारायची: मुलानं पलंगापासून बाथरूमपर्यंत यजमानांबरोबर चालत जायचं आणि वाटेतलं प्रत्येक बटण दाबून बघायचं. जर्मन शिक्षिकांना हे आधी पोरकट वाटलं, मग त्यांनी त्यांच्या यादीतही घातलं. आणि एक नवा रकाना: 'घरी रात्री कोणाशेजारी झोपता?' यावर एका पालकांचा फोन आला होता, हे शाळेला कशाला हवं म्हणून. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी प्रश्न ठेवला, खाली 'ऐच्छिक' असं लिहिलं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काही करता आलं नाही.

ऑक्टोबर

ऑक्टोबरात जोडीदार पुण्याला आली, छोटीच्याच घरी. आता आम्हाला सगळं माहीत आहे असं मला वाटत होतं. घरच्यांनी तिला दादाची खोली रिकामी करून दिली, दादा बाबांबरोबर झोपला. आईनं यादी करून न-तिखट भाज्या केल्या. आणि पाहुणीला एकटं वाटू नये म्हणून घरातल्या प्रत्येकानं कंबर कसली. ती पुस्तक उघडून बसली की आजी शेजारी येऊन बसे. ती खिडकीत उभी राहिली की आई विचारे, "कंटाळलीस का?" दार लोटलं की कोणीतरी चिवडा घेऊन आत. पहिल्या चार दिवसांत मामा, आत्या, खालच्या मजल्यावरच्या काकू आणि दादाचे मित्र, सगळे तिला बघून गेले.

पाचव्या दिवशी सकाळी मला छोटीच्या आईचा फोन. "मॅडम, ती पाऊण तास बाथरूममध्ये आहे. पोट बिघडलंय वाटतं. ओवा दिला तर चालेल ना त्यांना?"

मी छोटीला फोनवर बोलवायला सांगितलं. छोटी म्हणाली, "मॅडम, तिचं पोट ठीक आहे. आमच्या घरात आतून कडी लागते ती तेवढी एकच खोली आहे, बाकी दारांना कड्या बसवलेल्याच नाहीत." मग तिनं फोन बाजूला ठेवला आणि मला पलीकडचं सगळं ऐकू येत राहिलं. आजी, तिला राग नाही आलेला. आजी, तिला नुसतं बसायचंय, एकटं. नाही, कोणी काही बोललेलं नाही तिला. हो, त्यांच्यात असतं असं.

त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार दादाच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. कडी नव्हती, म्हणून आजीनं दाराबाहेर खुर्ची टाकली आणि कोणी आत जाऊ नये म्हणून जपमाळ घेऊन दोन्ही तास तिथे बसून राहिली.